मन मोकळे केले, त्याचा पुरावा झाला

नवरा-बायकोचे भांडण ही आपल्याकडे कधीच फक्त दोघांची गोष्ट नव्हती. आमच्या यावल तालुक्यात तर मुळीच नाही. कोणाची लेक माहेरी येऊन किती महिने झाले, हे संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्यांना तिच्या बापाआधी ठाऊक असते. मग कोणी मामा मध्यस्थीला जातात, कोणी आबा 'पोरीला नांदायला पाठवा' असा निरोप आणतात आणि तेवढ्याने भागले नाही तर बैठक बसते. लेवा समाजाची भोरगाव पंचायत याच तालुक्यातल्या पाडळशाची. घरातला वाद समाजाच्या ज्येष्ठांपुढे ठेवायचा आणि जमेल तोवर कोर्टाची पायरी चढायची नाही, ही तिची जुनी रीत. इतर समाजांतही या ना त्या स्वरूपात पंच आहेतच. या पद्धतीचे गुणदोष हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण तिची एक खूण सर्वांच्या परिचयाची आहे. बैठकीत बोललेले गुपित राहत नाही, आणि ते कागदावरही फारसे उतरत नाही. चार दिवस चर्चा होते. केळीची कापणी सुरू झाली की लोक आपापल्या कामाला लागतात.

गेल्या काही दशकांत या मामा-आबांच्या शेजारी एक नवी खुर्ची आली आहे. ती समुपदेशकाची. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे हे काम राज्यभर पसरले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आले आणि न्यायाधीशांना दोघांना समुपदेशनासाठी पाठवण्याचा अधिकार मिळाला. विधी सेवा प्राधिकरणाची मध्यस्थी आली. स्वयंसेवी संस्थांची सल्ला केंद्रे आली. आणि जळगाव-भुसावळला मानसोपचारतज्ज्ञांचे दवाखाने आले, जिथे आता आमच्या गावांतूनही माणसे जातात, अजून थोडी चोरून जात असली तरी.

हा बदल चांगला आहे, असे मी वकिलीतल्या अनुभवावरून म्हणते. पंचांपुढे जी बाई खाली मान घालून बसते, तीच समुपदेशकापुढे तासभर बोलते. बैठकीत ज्याला पुरुषार्थ मिरवावा लागतो, तो नवरा बंद खोलीत रडतो. ते बोलतात याचे कारण एकच: त्यांना कोणीतरी सांगितलेले असते, 'इथे बोललेले बाहेर जाणार नाही.' समुपदेशनाचे सारे बळ या एका वाक्यात आहे.

हे वाक्य कितपत खरे आहे, हाच आजचा प्रश्न आहे. कारण समुपदेशकाच्या खुर्चीबरोबर एक वहीही आली. त्या वहीत तारखेनिशी, नावानिशी, बऱ्याचदा खाली सही घेऊन, सगळे लिहिले जाते. बैठकीतले बोलणे विरते. वहीतले राहते, आणि त्याची झेरॉक्स निघते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सासरी वर्षभर घुसमटलेली एक सून समुपदेशकाला सांगते, 'मागच्या उन्हाळ्यात एकदा मी विहिरीपर्यंत गेले होते. पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि परत फिरले.' हे तिने आईलाही सांगितलेले नसते. समुपदेशक ते लिहून घेते. लिहायलाच हवे, कारण पुढच्या भेटीत तिला याच धाग्यापासून सुरुवात करायची असते. समेट होत नाही. आठ महिन्यांनी मुलाच्या ताब्याचा अर्ज उभा राहतो आणि उलटतपासणीत तिला विचारले जाते, 'तुम्ही जीव द्यायला निघाला होता, हे खरे आहे काय? मग पाच वर्षांचे मूल तुमच्या हाती सुरक्षित कसे?' ती पोरासाठी परत फिरली होती, हे त्या प्रश्नात कुठेच येत नाही. समोरच्या वकिलाला दोष देण्यात अर्थ नाही. हाती आलेला कागद अशिलाच्या बाजूने वापरणे हे त्याचे कामच आहे. प्रश्न असा की तो कागद त्याच्या हाती आला कसा?

याची दुसरी बाजूही पाहा. त्याच खोलीत नवरा म्हणालेला असतो, 'त्या दिवशी हात उचलला, माझे चुकले.' संसार पुन्हा उभा राहायचा असेल तर हे वाक्य उच्चारले जाणे फार मोलाचे आहे. पण ते उद्या आपल्यावर उलटणार असे कळले, तर तो ते कधीच बोलणार नाही. वकील त्याला शिकवून पाठवील, 'जा, बसा, पण काही कबूल करू नका.' मग दोघेही येतील, पाठ केलेले बोलतील, तारीख घेऊन जातील, आणि समुपदेशन ही कोर्टाच्या आधीची आणखी एक खेप होऊन बसेल.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला आणि महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुण्या-मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. त्या कायद्याचे १४ वे कलम पुराव्याचे दार सताड उघडते. वाद सोडवायला उपयोगी पडेल असे वाटले, तर कोणताही अहवाल, जबाब, कागद किंवा माहिती, पुराव्याच्या नेहमीच्या कायद्यात बसो वा न बसो, न्यायालय विचारात घेऊ शकते. एवढे मोठे दार उघडले म्हणूनच नियम करणाऱ्यांनी समुपदेशकाच्या खोलीला कडी घातली. तिथे सांगितलेली माहिती, दिलेली निवेदने, समुपदेशकाची टिपणे हे सारे गोपनीय; दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय ते उघड करायला लावायचे नाही; समुपदेशकाला साक्षीला बोलवायचे नाही. अपवाद ठेवले ते मोजके. मुलाचा ताबा ठरवताना घरातले वातावरण, आईवडिलांचे स्वभाव आणि त्यांचे मुलाशी नाते यांविषयीचा अहवाल, आणि पोटगीसाठी राहणीमान व उत्पन्न यांची माहिती. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली मध्यस्थीविषयी असेच बजावले. मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने न्यायालयाला एवढेच कळवायचे, की मध्यस्थी यशस्वी झाली नाही. कोण काय म्हणाले, कोण कशाला तयार होते, याचा एक शब्दही नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण यावलला आहे. कौटुंबिक न्यायालयाची हद्द बहुधा मोठ्या शहरापुरती असते. तालुक्याच्या माणसाचा घटस्फोटाचा अर्ज साध्या दिवाणी न्यायालयात चालतो आणि पोटगीचा फौजदारी न्यायालयात. तिथे विवाह समुपदेशक नाही आणि त्याची टिपणे झाकणारा नियमही नाही. आमच्याकडचे समुपदेशन होते ते पोलिस ठाण्याच्या आवारात, संस्थेच्या कार्यालयात, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्या वह्यांना कोणते कवच आहे? हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमाने असे खटले बंद दाराआड चालतात आणि त्यांतला मजकूर छापणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड होतो, हे खरे. पण बंद दाराने लोकांचे कान बंद होतात. त्या दाराआड, सासरा-दीर बाहेर उभे असताना, आतमध्ये तीच वही तिच्याविरुद्ध वाचली जाऊ शकते. म्हणजे पुण्याच्या बाईचे मनोगत नियमाने झाकलेले आणि यावलच्या बाईचे नशिबावर सोडलेले.

यातली विसंगती वाचकांनी लक्षात घ्यावी. चोरीच्या आरोपीने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते संरक्षण होते, तेच २०२३ च्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमात आहे. वकिलाजवळ अशील जे बोलते तेही सुरक्षित आहे. पण त्याच पोलिस ठाण्यातल्या शेजारच्या खोलीत, कसलाही गुन्हा न केलेली बाई आपले दुःख समुपदेशकाला सांगते, तेव्हा तिच्यासाठी या कायद्यात तसे खास कलम नाही. डॉक्टरजवळ बोललेल्यासाठीही नाही.

डॉक्टरांच्या कागदांचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी सासरच्या कपाटात सापडते आणि अर्जात वाक्य येते, 'सदर इसम मनोरुग्ण आहे.' बाईच्या बाबतीत हे जास्त घडते, पण पुरुषही यातून सुटत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि डॉक्टरांवर ती पाळण्याचे बंधन घातले आहे. शिवाय नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट मिळत नाही. तो आजार असा आणि इतका हवा की जोडीदाराने सोबत राहावे ही अपेक्षाच रास्त ठरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. तरीही चिठ्ठीची भीती जात नाही. उपचाराला गेलो तर उद्या तेच कोर्टात येईल, या धास्तीने माणसे उपचारच टाळतात. ज्या भागात केळी उत्पादकाचे वर्षाचे गणित एका वादळात कोसळते, तिथे मनाचा डॉक्टर टाळणे परवडणारे नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू, कारण ते हलके नाही. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या अनेक जणी विचारतात, 'घरची गोष्ट घरात' म्हणूनच तर पिढ्यान्‌पिढ्या मार झाकला गेला. मग आता समुपदेशनाच्या नावाने पुन्हा झाकायचे का? नवऱ्याने मारल्याचे कबूल केले आणि ते वापरता आले नाही, तर ही गुप्तता कोणाच्या फायद्याची? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्याने दिलेलेही आहे. संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेचे कलम आहेच. पण गुन्हा करण्याची धमकी, कौटुंबिक हिंसाचार किंवा बालकाचा छळ यांविषयीच्या माहितीला ते झाकण लागू नाही. हे योग्यच आहे. गोपनीयता म्हणजे झाकली मूठ नव्हे. कोणाच्या जिवाला धोका असेल तिथे गप्प राहणारा समुपदेशक आपले काम करत नाही. शिवाय मार खाल्लेल्या बाईला मार सिद्ध करायला समुपदेशकाची वही हा एकच मार्ग नसतो. दवाखान्याचा दाखला आहे, शेजारी आहेत, संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल तर त्यासाठीच आहे. तो अहवाल कोर्टात जाण्यासाठी लिहिला जातो, हे तिला माहीत असते. फरक आहे तो इथे. कोर्टासाठी सांगितलेले कोर्टात जावे. मन हलके करण्यासाठी सांगितलेले जाऊ नये.

दुसरा आक्षेप सत्याचा आहे. न्यायालयाला सत्य हवे, मग ते कुठूनही येवो, असे म्हटले जाते. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका दांपत्याच्या खटल्यात, नवऱ्याने बायकोचे फोन गुपचूप ध्वनिमुद्रित केले होते ते पुराव्यात घेण्यास परवानगी दिली. पती-पत्नींमधल्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे, पण दोघांच्या आपसातल्या दाव्यात ते लागू होत नाही, हा अपवाद मूळ कायद्यातच आहे, असे त्यामागचे एक कारण. निकालाविषयी मतभेद असू शकतात. मला त्यातून एक गोष्ट दिसते. घरात, फोनवर, शयनगृहात बोललेले जर उद्या पुरावा होऊ शकते, तर निर्धास्त बोलण्याच्या जागा आता फार थोड्या उरल्या. समुपदेशकाची खोली ही त्यांतली एक. ती तरी राखली पाहिजे.

आणि मुलांचे काय? इथे मात्र मी गोपनीयतेची बाजू थोडी सैल सोडीन. दिल्लीतल्या एका ताब्याच्या खटल्यात मध्यस्थीच्या काळात समुपदेशकाने मुलाशी बोलून अहवाल दिला. मध्यस्थी फसली. तो अहवाल वाचायचा की नाही यावर उच्च न्यायालयाने २०१७ या एकाच वर्षात आधी 'हो' आणि मग फेरविचारात 'नाही' असे दोन निर्णय दिले. अखेर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहवाल वाचता येईल असे ठरवले. ताब्याच्या प्रकरणात न्यायालय मुलाचे पालक या नात्याने बसलेले असते. मुलाचे हित सर्वांत वर. म्हणून नेहमीच्या गोपनीयतेला हा अपवाद. हे तत्त्व मान्य आहे. पण त्यात एक काटा आहे. 'मला आईजवळ राहायचे आहे' हे मुलाचे वाक्य जसेच्या तसे अहवालात आले आणि त्याच्या प्रती दोन्ही घरांत गेल्या, तर पुढच्या सुटीत बापाकडे जाताना त्या मुलाच्या पोटात काय होत असेल? मोठी माणसे खटला हरतात आणि घरी जातात. मुलाला दोन्ही घरांत जायचे असते. म्हणून मुलाचे म्हणणे न्यायाधीशांनी जरूर वाचावे, पण ते लखोट्यात राहावे. आईवडिलांना निष्कर्ष कळावा, मुलाचे शब्द कळू नयेत.

जगात इतरत्रही या प्रश्नाशी झुंज झालेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका महिला पोलिसाच्या प्रकरणात, तिने समाजसेविकेकडे घेतलेल्या समुपदेशनाची टिपणे मागता येणार नाहीत, असा निकाल दिला. हे संरक्षण केवळ पदवीधारी डॉक्टरांना नाही, तर परवाना असलेल्या समाजसेवकांनाही आहे, हे त्यातले महत्त्वाचे. साध्या माणसाला परवडतो तो समाजसेवकच, याची जाणीव त्या न्यायाधीशांना होती. ऑस्ट्रेलियात कौटुंबिक समुपदेशनात बोललेले कायद्यानेच पुराव्याबाहेर ठेवले आहे; बालकाच्या छळाचा अपवाद तिथेही आहे. या अनुभवांचे सार एकच दिसते. रेषा आधी आखायची, आणि ती बोलणाऱ्याला आधी सांगायची.

आपल्याकडे नवा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत आणि त्यांना पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट, समुपदेशनाच्या अर्जावर वरच एक वाक्य छापावे: 'हे बोलणे समेटासाठी आहे, ते कोणत्याही दाव्यात पुरावा म्हणून वापरायचे नाही, या अटीवर आम्ही बोलत आहोत.' खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुरावा कायद्यात जुन्यापासून अशी तरतूद आहे, आणि ती नव्या अधिनियमातही कायम राहिली आहे, की पुराव्यात द्यायची नाही अशा अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात विचारात घेतली जात नाही. हे कवच अभेद्य नाही, फौजदारी प्रकरणात ते कामी येणार नाही. पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ आहे.

दुसरी, अपवाद आधी सांगावेत, आणि ते समजेल अशा भाषेत सांगावेत. गणबोलीत, पावरीत, जशी बाई असेल तसे. 'जिवाला धोका असेल, लेकराला कोणी त्रास देत असेल, तर मला ते सांगावे लागेल. बाकी माझ्याजवळ राहील.' एवढे कळल्यावर काय बोलायचे ते तिचे तिने ठरवावे.

तिसरी, दोन वह्या ठेवाव्यात. एकीत फक्त तारीख, कोण आले आणि समेट झाला की नाही. कोर्टाने किंवा पोलिसांनी मागितली तर ही द्यावी. दुसरी समुपदेशकाच्या टिपणांची. ती कुलपात, आणि तिची किल्ली ठाणेदाराकडे किंवा संस्थेच्या अध्यक्षांकडे नव्हे, समुपदेशकाकडे. न्यायालयाने ती मागितलीच, तर लखोट्यात द्यावी आणि न्यायाधीशांनी आधी स्वतः वाचून, आवश्यक तेवढाच भाग पक्षकारांना दाखवावा, अशी विनंती सोबत जोडावी.

चौथी, खोलीत मोबाईल नको. सगळ्यांचे फोन बाहेर ठेवावेत, समुपदेशकाचाही. वरच्या निकालानंतर ही खबरदारी फार गरजेची झाली आहे.

पाचवी गोष्ट आपल्या सर्वांसाठी आहे. मध्यस्थीला जाणारे मामा, काका, आबा, गावचे पोलिस पाटील यांनी समुपदेशकाला 'काय म्हणाली हो ती?' असे विचारू नये. लहान गावात हे न विचारणे अवघड असते. समुपदेशिका बहुधा आपल्याच कोणाची तरी सून किंवा लेक असते, आणि उत्तर दिले नाही तर तिला 'शिष्ट' म्हटले जाते. पण तिने उत्तर दिले, तर त्या खोलीत नंतर कोणीही खरे बोलणार नाही, हे त्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगितले तर पटते. समाजाच्या पंचायतींनी हा नियम स्वतःहून घालून घेतला, तर सरकारी आदेशापेक्षा तो लवकर रुजेल. वाद मिटवण्याची परंपरा ज्यांची मोठी, त्यांच्याकडूनच ही अपेक्षा करता येते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असे एकमुखाने सांगितले. त्या निकालाची चर्चा दिल्ली-मुंबईत आधार आणि मोबाईलच्या संदर्भात पुष्कळ झाली. आमच्याकडे त्याची कसोटी साध्या जागी लागणार आहे. दोन एस.टी. बदलून, पदराला लेकरू घेऊन आलेली एक बाई पोलिस ठाण्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसते आणि दबक्या आवाजात विचारते, 'ताई, हे कोणाला कळणार तर नाही ना?' या प्रश्नाला आज ताईजवळ खात्रीचे उत्तर नाही. ते उत्तर तिला मिळवून देणे हे कायदा करणाऱ्यांचे काम आहे, न्यायालयांचे आहे, आणि काही अंशी तुमचे-माझेही आहे.